इंजिनाचे सीसी वाढवले म्हणजे काम वाढते का?

भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांसाठी यंत्र निवडताना



जूनचा पाऊस स्थिरावला, तरवा लावणीला आला, की भोर व वेल्हे भागात चिखलणीची घाई सुरू होते. हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजवणी खोरे येथील खाचरे डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जातात. खाचरे लहान, बांध अरुंद आणि वळायला जागा थोडी. बैलजोड्या कमी होत गेल्याने या खाचरांत आता पॉवर टिलर व लहान ट्रॅक्टर उतरले आहेत. ऐन चिखलणीत यंत्राची चाके जागच्या जागी फिरू लागली, की "इंजिन कमी पडते, जादा सीसीचे घ्यायला हवे होते," असे आपण म्हणतो. काही जण बोअर मोठा करून मिळेल का, असे मेस्त्रीला विचारतात. काही जण कर्ज काढून मोठे यंत्र घेतात. पैसे घालण्यापूर्वी सीसी म्हणजे नेमके काय आणि त्याने कोणते काम वाढते, हे समजून घेणे फायद्याचे ठरते.

सीसी म्हणजे काय?

पिस्टन खालून वर जाताना सिलिंडरमधील जेवढी जागा व्यापतो, ती जागा घन सेंटिमीटरमध्ये मोजली की सीसी मिळते. सिलिंडरचा व्यास (बोअर) ८ सें.मी. आणि पिस्टनची चाल (स्ट्रोक) ११ सें.मी. असेल, तर ०.७८५४ × ८ × ८ × ११ = सुमारे ५५३ सीसी. विहिरीवर वर्षानुवर्षे चाललेल्या ५ अश्वशक्तीच्या किर्लोस्कर एव्ही-१ इंजिनाचे हेच माप आहे.

म्हणजे सीसी हे हवा मावण्याचे माप आहे, ताकदीचे नव्हे. ताकद डिझेल जळण्यातून येते. एक लिटर डिझेल पुरते जळायला सुमारे १० हजार लिटर हवा लागते. सिलिंडर मोठा असेल तर जास्त हवा मावते व जास्त डिझेल जाळता येते. परंतु मिनिटाला ती हवा किती वेळा आत येते आणि तिच्याबरोबर डिझेल किती सुटते, यावर अश्वशक्ती ठरते. पुढील तीन इंजिने पाहावीत.

१) किर्लोस्कर टीव्ही-१ : ६६१ सीसी, मिनिटाला १५०० फेरे, ७ अश्वशक्ती.
२) व्हीएसटी शक्ती १३० पॉवर टिलर : ६७३ सीसी, २४०० फेरे, १३ अश्वशक्ती.
३) पोलॅरिस स्पोर्ट्समन ५७० या चार रुंद चाकांच्या एटीव्ही गाडीचा भारतात आलेला ट्रॅक्टर प्रकार : ५६७ सीसी, पेट्रोलवर, ३४ अश्वशक्ती.

पहिल्या दोन इंजिनांचे सीसी जवळजवळ सारखे आहे, तरी अश्वशक्ती दुपटीच्या आसपास गेली. याचे मुख्य कारण फेरे वाढले हे आहे. शिवाय पाणी उपसणारे इंजिन तासन् तास एकसारख्या भाराखाली चालावे म्हणून त्याची अश्वशक्ती राखून ठरवलेली असते. तिसऱ्या इंजिनाचे सीसी सर्वांत कमी असून अश्वशक्ती सर्वांत जास्त आहे, कारण ते याहून कितीतरी जास्त फेऱ्यांवर चालते. यावरून नुसते सीसी विचारून यंत्राची तुलना करणे चुकीचे आहे, हे ध्यानात यावे.

बोअर करून सीसी वाढते, पण किती?

झिजलेले इंजिन बोअर करून ०.५० मि.मी. ओव्हरसाइज पिस्टन बसवला, तर ८० मि.मी.चा बोअर ८०.५ मि.मी. होतो. सीसी ५५३ वरून सुमारे ५६० होते. वाढ झाली ७ सीसीची, म्हणजे सव्वा टक्क्याची. तरीही बोअर केल्यावर इंजिन जोरात चालते असा अनुभव येतो आणि तो खराही आहे. नव्या पिस्टन-रिंगांमुळे गळणारे कॉम्प्रेशन थांबलेले असते. झिजेमुळे गेलेली ताकद परत आलेली असते. सीसीमुळे नवी मिळालेली नसते.

ताकदीसाठी मुद्दाम बोअर वाढवू नये. सिलिंडरची भिंत पातळ होते, इंजिन तापते, गॅस्केट जाण्याचा धोका वाढतो. गव्हर्नरचे सील तोडून डिझेल वाढवणे तर त्याहून वाईट. हवा तेवढीच राहून डिझेल वाढले, की जादा डिझेल काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. कारखान्यात एव्ही-१ वरून टीव्ही-१ करताना स्ट्रोक ११० मि.मी.च ठेवून बोअर ८७.५ मि.मी. केलेला दिसतो. सीसी सुमारे २० टक्के वाढले, अश्वशक्ती मात्र ५ वरून ७ झाली, म्हणजे ४० टक्के. बोअरसोबत डिझेलचे प्रमाण व इतर भागही जुळवले तरच अशी वाढ मिळते. गावच्या वर्कशॉपमध्ये ही जुळणी होत नाही.

चिखलात ताकद जाते कोठे?

समजा, लहान ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर ४५० कि.ग्रॅ. वजन आहे. चिखलात चाकांची पकड कमी असते. ती वजनाच्या एक तृतीयांश धरली, तर ओढ १५० कि.ग्रॅ. मिळते. ताशी ३ कि.मी. म्हणजे सेकंदाला ०.८३ मीटर वेगाने (१५० × ०.८३ ÷ ७५) हे काम पावणेदोन अश्वशक्तीच्या आत बसते. इंजिन १५ अश्वशक्तीचे असो वा २५ चे, चाकाला पकड नसेल तर ओढ वाढत नाही. चाक फक्त खड्डा करते. एटीव्ही गाडी चढणीवर व ओल्या जमिनीवर चालते, तीही चारही चाकांना मिळणारा जोर, कमी हवेचे रुंद टायर आणि हलके वजन यांच्या बळावर.

चाकांची घसर शेतातच मोजता येते. चाकावर चुन्याची खूण करावी. अवजार उचलून त्याच खाचरात चाकाचे १० फेरे होईपर्यंत यंत्र चालवावे व अंतर मोजावे. मग अवजार टेकवून १० फेऱ्यांचे अंतर पुन्हा मोजावे. पहिले ३० मीटर व दुसरे २४ मीटर भरले, तर घसर २० टक्के झाली. चिखलात एवढी घसर चालते. ती ३० टक्क्यांच्या वर गेली, की डिझेल वाया जाते. अशा वेळी लोखंडी केजव्हील बसवावीत, खालचा गिअर घ्यावा व अवजाराची खोली कमी करावी.

मोठे इंजिन कोठे उपयोगी?

रोटाव्हेटर, भात मळणी यंत्र व पंप यांना ताकद चाकांमधून नव्हे, तर थेट इंजिनाकडून मिळते. तेथे अश्वशक्ती कमी पडली तर काम खरोखर अडते. परंतु मोठे यंत्र बहुधा जड व रुंद असते. ते चिखलात रुतते, अरुंद बांध ढासळवते आणि लहान खाचरात त्याचा वेळ वळण्यातच जातो. शिवाय मोठे इंजिन पाव भारावर चालवले, तर मिळणाऱ्या प्रत्येक अश्वशक्तीमागे डिझेल जास्त लागते.

निर्णयापूर्वी हे तपासा

१) चिखलात अडकल्यावर इंजिन दबून बंद पडते, की इंजिन चालू राहून चाके फिरतात? चाके फिरत असतील तर दोष इंजिनाचा नाही.
२) इंजिन दबत असेल तर आधी एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, नोझल, टॅपेट व टिलरच्या पट्ट्यांचा ताण पाहावा.
३) धूर पाहावा. काळा धूर हवा कमी किंवा भार जास्त असल्याची, निळा धूर तेल जळत असल्याची, तर इंजिन तापल्यावरही राहणारा पांढरा धूर डिझेल नीट जळत नसल्याची खूण आहे.
४) विक्रेत्याला सीसीबरोबर अश्वशक्ती, ती किती फेऱ्यांवर मिळते, यंत्राचे वजन व रुंदी विचारावी.
५) आपल्या सर्वांत अरुंद वाटेची रुंदी व सर्वांत लहान खाचराची लांबी मोजून मगच यंत्र ठरवावे. शक्य असल्यास प्रात्यक्षिक आपल्याच खाचरात, चिखलणीच्या दिवसांत मागावे.

एवढे करूनही स्वच्छ, नीट जुळवलेले इंजिन रोटाव्हेटरखाली दबत असेल, तर जास्त अश्वशक्तीचे यंत्र जरूर घ्यावे. अन्यथा कर्जाचा हप्ता मोठ्या इंजिनासाठी भरण्याऐवजी केजव्हील व वेळेवरची देखभाल यांवर थोडा खर्च करावा. चिखलणी वेळेत उरकेल आणि लावणीही खोळंबणार नाही.