शिसवी पलंग विकण्याआधी

देऊळघाटात आणि आसपासच्या गावांत जुने वाडे उतरायला लागले, तसे जुनं लाकूड घेणारे व्यापारीही दारोदार दिसायला लागले. तुळया आणि चौकटींचा सौदा होताना कोपऱ्यातला एखादा काळा पलंग, देव्हारा किंवा पाट ते जाता जाता मागतात. घरच्यांना वाटतं, अडगळ गेली. मी सुतारकाम करतो आणि ही अडगळ गेल्यावर आलेला नवा माल दुरुस्तीला माझ्याकडेच येतो, म्हणून हे लिहितोय.

पैनगंगेच्या काठावरच्या एका काकूंकडे त्यांच्या सासूबाईंच्या वेळचा शिसवी पलंग होता. कूस बदलली की करकरायचा, म्हणून काकूंनी तो विकला. त्या पैशांत बरीच भर घालून शहरातल्या फर्निचर सेलमधून ‘अस्सल शिसम’चा दिवाण आणला. उन्हाळा तापल्यावर मला बोलावणं आलं. “मिस्त्री, रोज सकाळी दिवाणाखाली पिठासारखा भुसा पडून राह्यला. वाळवी लागली का?”

वाळवी नव्हती. दिवाण उलटा केला आणि दुखणं समोर आलं. वरून गडद पॉलिश, खाली मात्र पट्ट्यांमधलं निम्मं लाकूड पांढरं. झाडाच्या सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात पिष्ट असतं आणि लाकूड पोखरणारे बारीक भुंगेरे त्यावरच जगतात. आतल्या काळपट गाभ्याला ते सहसा तोंड लावत नाहीत. शिवाय लाकूड नीट वाळवलेलं नव्हतं. कोरड्या हवेत फळ्या आकसल्या आणि डोक्याकडच्या पाटाला उभी चीर गेली. काकूंनी त्या चिरेत मेण भरून पाहिलं होतं!

विकणारा पूर्ण खोटं बोलला असंही नाही. बाजारात शिसम म्हणून जे येतं ते बहुधा शिसूचं लाकूड असतं. उत्तरेकडे कालव्यांच्या आणि रस्त्यांच्या कडेला शिसूची लागवड होते. आपला काळा शिसव त्याचा चुलतभाऊ, दोघंही डाल्बर्जिया वंशातले. शिसू वाईट नाही. गाभ्याचं, नीट वाळवलेलं शिसू घरात दोन पिढ्या टिकतं. पण शिसवाचा भाव देऊन शिसू घ्यायचं, आणि तेही पांढरं, हा सौदा तोट्याचा आहे.

काळ्या शिसवाला रंधा मारताना तो कशामुळे महाग आहे ते हाताला कळतं. रेषा आडव्यातिडव्या गुंतलेल्या असतात, त्यामुळे रंधा उलटा लागला की छिलके उपटतात. लाकडात चुन्यासारखे खडे असतात, त्यांनी पात्याची धार लवकर जाते. ताज्या कापाला गोडसर वास येतो. भुसा मात्र त्रासदायक. कित्येक सुतारांना त्याने खाज सुटते, काहींना दम लागतो, त्यामुळे तोंडाला फडकं बांधल्याशिवाय मी त्याला हात लावत नाही. एवढं सोसून जो जांभळट-काळ्या पट्ट्यांचा पृष्ठभाग निघतो, त्याला तोड नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे कारागीर याच लाकडावर खोल नक्षी कोरून खुर्च्या-मेजं बनवत. ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ म्हणून ते फर्निचर आजही जगभरच्या लिलावांत निघतं.

गिऱ्हाईक विचारतं, ओळखायचं कसं? वजनाचा अंदाज घ्या, पण त्यावर विसंबू नका. सागाचं घनफूट साधारण १८-१९ किलो भरतं आणि शिसवाचं २३-२४, पण बाभूळही जवळपास तेवढीच जड असते. वस्तू उलटी करा, ड्रॉवर बाहेर काढा, पाठची बाजू बघा. जिथे पॉलिश पोचलेलं नाही तिथलं लाकूड खरं बोलतं. काळ्या रेषा कडेच्या जाडीतही उतरल्या आहेत का ते पाहा. नुसत्या वरच्या अंगाला असतील तर पातळ व्हिनियर किंवा रंग आहे. पांढरा पट्टा दिसला की सरळ भाव पाडा, नाहीतर उठून या. दुकानदार वस्तू उलटी करू देत नसेल तर पुढचं बोलणंच नको.

काकूंच्या जुन्या पलंगाचं म्हणाल तर तो करकरायचा कारण पायाच्या सांध्यातल्या पाचरी सैल झाल्या होत्या. अर्ध्या दिवसाचं काम! जुन्या फर्निचरचा सांगाडा बहुतेक वेळा धडधाकटच असतो. त्याचं खरं वाटोळं लग्नघरात होतं, पाहुणे यायच्या आत त्यावर ऑइलपेंट फासला जातो. तसं करू नका. आधी कापसावर थोडं स्पिरिट घेऊन न दिसणाऱ्या कोपऱ्यात पुसा. जुनं पॉलिश विरघळून चिकट झालं तर ते चपडा लाखेचं आहे, आणि लाखेवर लाखेचाच नवा हात बसतो. सगळं खरवडायची गरज नसते.

आता झाडाबद्दल, कारण व्यापारी बांधावरचा शिसवही विचारतात. “कागदपत्रांचं आम्ही बघतो” या शब्दावर झाड देऊ नका. महाराष्ट्रात झाडतोडीचा १९६४ चा कायदा आहे, लाकूड हलवायला वनखात्याचा वाहतूक परवाना लागू शकतो, आणि झाड सातबाऱ्यावर आपलं असलं तरी आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारावं लागतं. केरळात वायनाडच्या मुट्टिलमध्ये महसूल खात्याच्या २०२० च्या एका आदेशाचा आधार दाखवून शेतजमिनीतले शंभरावर जुने शिसव तोडले गेले. २०२१ मध्ये प्रकरण फुटलं तेव्हा माल जप्त झाला आणि ज्यांच्या जमिनीतली झाडं गेली ते शेतकरीही चौकशीत अडकले.

मुलगा परदेशात असेल आणि देव्हारा तिकडे पाठवायचा असेल तर त्यालाही नियम आहेत. जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जिया वंशातल्या लाकडांचा देशाबाहेरचा व्यवहार धोक्यातल्या जीवजातींच्या व्यापाराबद्दलच्या साइटीस कराराखाली आला. पुढे दहा किलोपर्यंतच्या तयार मालाला सूट मिळाली. त्याहून जड मालाला परवान्याची कागदं लागतात. काळा शिसव तर जगाच्या धोक्यातल्या झाडांच्या यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलेला आहे.

नवा शिसव म्हणूनच मी कुणाला सुचवत नाही. साग घ्या, चांगलं शिसू घ्या. पण घरात काळा जुना पलंग किंवा पाट असेल, तर व्यापाऱ्याला दाखवण्याआधी गावातल्या सुताराला दाखवा.