लेकरू म्हणते, ‘पोट दुखतंय’
वाचन : १ तीमथ्य ५:२३



हे वचन आपण बहुधा द्राक्षारसाच्या वादापुरतेच उघडतो. मला त्यात दुसरेच दिसते. तीमथ्याचे पोट बिघडते, तो वारंवार आजारी पडतो, हे पौलाला ठाऊक होते. तो त्याच्यासाठी रात्रंदिवस प्रार्थना करीत असे, तरी पोटासाठी त्याने वेगळा, व्यवहाराचा सल्ला लिहून कळवला. म्हणजे कोणीतरी आधी नीट विचारपूस केली होती.

मेळघाटात कोरकू वस्त्यांवर तान्ह्या बाळाचे पोट फुगले की ‘फोपसा झाला’ म्हणतात. मग भूमका किंवा घरातली म्हातारी तापवलेल्या विळ्याने बाळाच्या पोटावर चटके देते. याला डंबा म्हणतात. शहरातल्या मंडळीत हे सांगितले की लोक कानांवर हात ठेवतात. पण ती आई क्रूर नसते. दोन रात्री तिचा डोळा लागलेला नसतो आणि दवाखाना दूर असतो. तरीही डंब्याने बाळ बरे होत नाही. पोट फुगण्यामागे कधी न्यूमोनिया असतो. तो आत तसाच राहतो, आणि भाजलेल्या कातडीतून जंतू शिरतात ते वेगळेच. धाप लागलेले, दूध न ओढणारे बाळ त्याच दिवशी दवाखान्यात पोचले पाहिजे.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका वसतिगृहात जात असे. तिथला आठ वर्षांचा एक मुलगा रोज सकाळी पोट धरून बसायचा. मी त्याला गॅसचे औषध दिले, मग जंताची गोळी दिली, डोक्यावर हात ठेवून प्रार्थनाही केली. शेवटी ‘शाळा चुकवतो’ असे ठरवून रागावलो. स्वयंपाकाच्या मावशींनी मात्र त्याला जवळ घेऊन विचारले, “बाळा, शी कधी झाली होती?” पाच दिवस झाले होते! संडास इमारतीच्या मागे, दिवा नाही, दाराला कडी नाही, आणि मोठी मुले बाहेरून दार वाजवायची. तो भीतीने दाबून धरायचा. मुलांच्या पोटदुखीचे सर्वांत नेहमीचे कारण हेच, बद्धकोष्ठ. डॉक्टरांनी काही आठवडे शौच मऊ होण्याचे औषध दिले, आम्ही बल्ब आणि कडी बसवली. दोन्ही मिळून माझ्या औषधांपेक्षा स्वस्त पडले.

जंताची गोळीही उपयोगाची आहेच. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, साधारण १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास, १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल अंगणवाडीत व शाळेत मोफत मिळते. म्हणून कृपया त्या गोळ्यांची खोकी पाठवू नका. चपला आणि साबण पाठवा. अंकुशकृमी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो.

पोटासोबत हातपायही पुन्हा पुन्हा दुखत असतील, डोळे पिवळसर दिसत असतील, तर सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. आदिवासी भागात हा आजार बराच आढळतो. हिरवी उलटी, शौचात रक्त, कडक झालेले पोट, किंवा बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलेली कळ दिसली, तर घरी काहीही न देता थेट रुग्णालय गाठावे.

आणि एक गोष्ट पावसाळ्यासाठी. जमिनीवर झोपलेले मूल पहाटे अचानक ‘पोट दुखतंय’ म्हणून उठले, उलटी झाली, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, तर मण्यार चावलेली असू शकते. तिचा दंश दुखत नाही, खूणही पुष्कळदा सापडत नाही. वाट पाहू नये. प्रतिविष असलेल्या रुग्णालयाकडे निघावे आणि प्रार्थना गाडीत करावी.

मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचल्या तर डासांप्रमाणे मण्यारही बाहेर राहते. पावसाळ्यापूर्वी आपल्या मंडळीतून जे काही जमेल, ते या वेळी मच्छरदाण्यांच्याच रूपात पाठवावे, ही विनंती.