पोसायडनचे कांस्य नाणे

प्रश्न : वडिलांच्या संग्रहातील एका हिरवट नाण्यावर दाढीधारी मस्तक व मागे त्रिशूळ आहे. ते कोणाचे, आणि त्याचे मोल काय?

उत्तर : आपल्या छायाचित्रात त्रिशूळाच्या दोहों अंगांस डॉल्फिन मासे आणि दुभागून कोरलेली ‘इएरोनोस’ ही ग्रीक अक्षरे स्वच्छ दिसत असल्याने, मस्तक समुद्रदेव पोसायडनचे व नाणे सिसिलीतील सिराक्यूजचा राजा दुसरा हिएरॉन (इ.स.पू. सुमारे २७० ते २१५) याच्या टांकसाळीचे, असे मानण्यास प्रत्यवाय नाही. कडेवरील छाटणीची खूण पाहून बिचकू नये; तेथे धातूच्या चकत्या एकमेकींना जोडून ओतीत, मग तोडून त्यांवर ठसा मारीत. संशय घ्यावा तो बटा व अक्षरे बोथट असून पृष्ठावर बुडबुड्यांची सूक्ष्म छिद्रे दिसल्यास, कारण ते साच्यातून काढलेल्या नकलेचे लक्षण होय.

ही नाणी विपुल उपलब्ध असल्याने दुर्मिळतेचे मोल नाही. किंमत ठरते ती ठशाच्या सुस्पष्टतेवर, मस्तक मध्यभागी असण्यावर आणि त्या अखंड हिरव्या थरावर. म्हणून चिंच-लिंबाने ते घासू नये, ही माझी कळकळीची विनंती. फिकट हिरवी भुकटी सुटू लागली असेल, तर मात्र नाणे इतरांपासून तत्काळ वेगळे करून कोरड्या जागी ठेवावे व जाणत्या संरक्षकास दाखवावे.