हँडल लोंबतंय, कुलूपही बदलायचं का?

प्रश्न : बेडरूमच्या दाराचं जुनं हँडल खाली लोंबतं. सुतार म्हणतो, कुलपासकट सगळंच बदला. खरंच गरज आहे का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : किल्ली नीट फिरत असेल आणि कुलपाची जीभ सहज आत-बाहेर होत असेल, तर कुलपाला हात लावू नका. आधी हँडलच्या मानेखालचा बारीक स्क्रू ॲलन कीने आवळून पाहा. पुष्कळदा दुखणं तेवढंच असतं.

तरीही लोंबत असेल तर नवं हँडल घ्या, पण मोजूनच. चौकोनी दांडीच्या मध्यापासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. यात थोडी जरी चूक झाली तरी किल्ली अडते. दांडी बहुतेकदा ८ मिमीची असते, तरी जुनं हँडल दुकानात सोबत न्याच.

जुनी भोकं सैल झाली असतील, तर आगकाड्यांची गुलं काढून त्या फेविकॉलमध्ये बुडवा, भोकात घट्ट ठोका, रात्रभर वाळू द्या आणि मग सपाट कापा. स्क्रू हातानेच आवळा. मशीनने लाकूड पुन्हा खाल्लं जातं. काम चालू असताना दार उघडंच ठेवा.

तुमच्याकडच्या खाऱ्या हवेत स्वस्त क्रोमचा मुलामा लवकर फुगतो. भरीव पितळ किंवा ३०४ प्रतीचं स्टीलच घ्या.