घर रंगवण्याआधी: खरवडीची धूळ आणि लहान मुले

घटस्थापना जवळ आली की धाराशिव जिल्ह्यात घरोघरी झाडलोट निघते आणि तिच्यामागोमाग रंगकाम. घरात तान्हे बाळ किंवा दमेकरी असेल तर सगळ्यांना काळजी असते ती नव्या रंगाच्या वासाची. ती काळजी चुकीची नाही. थिनर आणि टर्पेंटाइनच्या वाफेने डोके दुखते, दमेकऱ्याला धाप लागते. पण दारे-खिडक्या उघड्या ठेवल्या तर काही दिवसांत वास ओसरतो. त्याहून मोठी काळजी आदल्या कामाची करायला हवी, जुना रंग खरवडून पॉलिश पेपर मारतात त्या दिवसाची. वास नाकाला लगेच कळतो, म्हणून आपण सावध होतो. खरवडीची धूळ मात्र केरसुणीने लोटली की संपली असे वाटते आणि तिचा सर्वांत बारीक भाग जमिनीवर, चादरींवर, फडताळातल्या भांड्यांवर बसून राहतो.

या धुळीत शिसे असू शकते. पिवळा, लाल, हिरवा ऑइल पेंट चमकदार आणि टिकाऊ व्हावा म्हणून त्यात शिशाची संयुगे घालत. भारतात घरगुती रंगांत दहा लाख भागांमागे 90 भागांपेक्षा जास्त शिसे नको, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून बंधनकारक झाला. सास्तूरसारख्या गावांत 1993 च्या भूकंपानंतर उभी राहिलेली घरे त्याआधीची आहेत आणि त्यांच्या दारे-खिडक्यांवर रंगाचे किती थर चढले असतील, ते घरमालकालाही आठवणार नाही. प्रत्येक थरात शिसे असेलच असे नाही, पण नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही; म्हणून 2017 पूर्वीचा ऑइल पेंट शिशाचा आहे असे धरूनच चालावे. रांगणारे मूल जमिनीवरचा हात तोंडात घालते आणि पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शोषते. रक्तात लोह कमी असेल तर हे शोषण आणखी वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे दोनतृतीयांश मुले रक्तक्षयाची आढळली, हे इथे विसरून चालणार नाही.

‘आम्हीही अशाच घरांत वाढलो, काय झाले?’ असे वडीलधारी विचारतात. शिशाने मूल सहसा अंथरुणाला खिळत नाही. थोडी बुद्धी, थोडे लक्ष, थोडी स्मरणशक्ती कमी होते आणि एका मुलाकडे पाहून ती घट कोणालाच ओळखता येत नाही. धोका कळायला मात्र खूप काळ लोटला असेही नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये डॉ. गिब्सन यांनी 1904 मध्येच मुलांच्या विषबाधेचे मूळ कठड्यांच्या आणि भिंतींच्या रंगात दाखवले होते. दुसरा आक्षेप मजुरीचा. ओले करून खरवडायचे तर काम लांबते, हे खरेच. पण सगळे घर खरवडायची गरज नसते. जिथे जुना रंग घट्ट आहे, पोपडे नाहीत, तिथे तो तसाच ठेवून वर नवा हात द्यावा. झाकलेला रंग धूळ करत नाही. पोपडे धरलेल्या जागी पाण्याचा फवारा मारत खरवडावे. त्याला टंचाईच्या गावातही परवडेल इतकेच पाणी लागते. खाली प्लास्टिक अंथरावे, खरवड त्यातच गुंडाळून टाकावी, चुलीत जाळू नये. फरशी ओल्या फडक्याने पुसावी. ही पुसापुशी होईपर्यंत मुलांना आणि गरोदर बाईला दुसऱ्या घरी ठेवावे.

चुना मारणाऱ्यांना ही भीती कमी आहे. चुन्यात शिसे घालत नाहीत, त्याच्या दाहकतेमुळे बुरशी धरत नाही आणि दगड-मातीच्या जाड भिंतीतली ओल बाहेर पडायला तो आडवा येत नाही. लोणा लागलेल्या अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि ऑइल पेंट चढवला तर ओल आत कोंडते, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पोपडे सुटतात आणि पुन्हा खरवडणे आलेच. म्हणून ओल कुठून येते ते आधी शोधावे, भिंत सुकू द्यावी. सणाआधी रंग झालाच पाहिजे हा हट्ट इथे महाग पडतो. चुन्याचा धोका डोळ्यांना आहे. थेंब उडाला तर दवाखान्याकडे धावण्याआधी किमान 15 ते 20 मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा.

रंगाऱ्याचाही विचार व्हावा. तोंडाला बांधलेला गमछा बारीक धूळ अडवत नाही. एन-95 मास्क धूळ अडवतो, थिनरची वाफ नाही. त्याने कामाचे कपडे बदलून, हात-तोंड धुऊन घरी जावे, नाहीतर तीच धूळ त्याच्या मुलांपर्यंत पोचते. कोरडी खरवड झालेल्या घरात मूल राहिले असेल, किंवा ते पोपडे तोंडात घालत असेल, तर पोटदुखीची वाट न पाहता डॉक्टरांकडून शिरेतल्या रक्ताची शिशाची तपासणी करून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शनानुसार एका डेसिलिटर रक्तात 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आढळले तर ते कुठून येते हे शोधून थांबवायचे असते.