एक क्रियापद, अनेक वाटा

दहावीनंतर दुसरी भाषा म्हणून आपल्यापैकी काही मुले फ्रेंच घेतात. भाषांतराच्या उताऱ्यात ‘नॅव्हिगेट’ हे इंग्रजी क्रियापद आले की त्यांची लेखणी पटकन ‘नाव्हिगे’ असे लिहून मोकळी होते. शब्द दिसायला सख्खी भावंडेच! लॅटिनमध्ये ‘नाविस’ म्हणजे जहाज आणि ‘आगेरे’ म्हणजे हाकणे. या जोडीतून बनलेले क्रियापद दोन्ही भाषांत आले. संस्कृत ‘नौ’ आणि आपली ‘नाव’ही याच कुळातली.

पण फ्रेंच शब्दाने पाणी फारसे सोडलेले नाही. जहाज, विमान आणि अलीकडे इंटरनेट यांसाठी तो चालतो. नवख्या शहरात पायी रस्ता शोधणाऱ्या पाहुण्याला मात्र तो लावला, तर पाहुणा होडीत बसल्यासारखा वाटतो!

मग काय करावे? इंग्रजी शब्दावरून थेट फ्रेंच शब्दावर उडी मारू नये. तो माणूस नेमके काय करतो आहे, हे आधी मराठीत सांगून पाहावे.

१) तो दिशा ठरवतो आहे का? मग ‘सोरियाँते’. यातील ‘ओरियाँ’ म्हणजे पूर्व. पूर्वेकडे तोंड केले की बाकीच्या दिशा आपोआप कळतात. तेव्हा आपला उजवा हात दक्षिणेकडे असतो. संस्कृतात ‘दक्षिण’ म्हणजे उजवा, आणि त्या दिशेला हे नाव मिळाले ते यामुळेच.

२) खुणा पाहून आपण कुठे आहोत ते ओळखतो आहे का? मग ‘स रपेरे’. ‘रपेर’ म्हणजे खूण: देऊळ, पाण्याची टाकी, कोपऱ्यावरचे दुकान.

३) गर्दीतून वाट काढतो आहे का? मग ‘स फ्रेये अँ शमँ’. ‘शमँ’ म्हणजे वाट. इथे मराठी आणि फ्रेंच अगदी हातात हात घालून चालतात.

४) कागदपत्रांच्या ढिगात त्याला काय कुठे आहे ते उमगते आहे का? मग ‘सी रत्रुव्हे’. शब्दशः अर्थ, तिथे स्वतःला पुन्हा सापडणे.

५) अडचणीतून आपले आपण निभावून नेतो आहे का? मग ‘स देब्रुये’. ‘ब्रुये’ म्हणजे गोंधळ किंवा गुंता करणे आणि ‘देब्रुये’ म्हणजे तो सोडवणे.

पालकांना कधी कधी वाटते, की घरात मराठी बोलल्याने मुलांच्या डोक्यात भाषांची सरमिसळ होते. वरची यादी पुन्हा वाचावी. इंग्रजीच्या एका शब्दात लपलेले पाच अर्थ निवडून वेगळे केले ते मराठीनेच. दिशा ठरवणे, खूण ओळखणे, वाट काढणे, उमगणे, निभावणे हे शब्द ज्या मुलाला घरी मिळाले आहेत, त्याला फ्रेंचमधला योग्य शब्द शोधणे सोपे जाते. ज्याच्याकडे ते नाहीत, त्याला पाठांतरावर भिस्त ठेवावी लागते.

स्वाध्याय: पुढील प्रत्येक वाक्यासाठी वरीलपैकी कोणते क्रियापद घ्याल?

(अ) आजीने जत्रेतून वाट काढली.
(आ) या अर्जात कुठे काय भरायचे, ते मला कळत नाही.
(इ) नव्या गावात घड्याळाचा मनोरा पाहून आम्ही जागा ओळखली.

उत्तरे: (अ) ३, (आ) ४, (इ) २. आता घरी बसून सर्वांनी मिळून आणखी पाच वाक्ये तयार करावीत.