गाणारे लोखंड

विजेच्या खांबांवर बसविलेल्या रोहित्राजवळ क्षणभर उभे राहिले असता एक संथ, अखंड गुणगुण कानी येते. आत भुंगा नसतो, की फिरणारे चाक नसते. मग हा नाद येतो कोठून?

हा प्रश्न फार जुना आहे. १८३७ साली चार्ल्स पेज या अमेरिकन शास्त्रज्ञाला एक नवल आढळले. नालाच्या आकाराच्या लोहचुंबकाजवळ तारेचे वेटोळे ठेवून त्यातील वीजप्रवाह जोडला वा तोडला, की लोहचुंबक नाद करी! पुढे १८४२ साली इंग्लंडमध्ये जेम्स जूल याने लोखंडाच्या कांबीभोवती तार गुंडाळून तीतून वीज सोडली. कांब चुंबक बनताच किंचित लांब झाली. किंचित म्हणजे किती? मीटरभर कांबीत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी! कांब फुगली की नुसती ताणली गेली, हे पाहण्यासाठी जूलने ती पाण्याने भरलेल्या नळीत ठेवली. पाण्याची पातळी ढळली नाही. म्हणजे लांबताना कांब त्या मानाने बारीकही झाली होती. निकेल मात्र चुंबक बनताना आखडते.

रोहित्राचे कोडे येथेच उलगडते. आपल्याकडील विजेची सेकंदाला ५० आवर्तने होतात. प्रत्येक आवर्तनात रोहित्रातील पोलादी पत्र्यांचे चुंबकत्व दोनदा शिगेला पोहोचते. म्हणून ते पत्रे सेकंदाला १०० वेळा कंप पावतात.

याच्या उलटही घडते. चुंबकित लोखंड ताणले असता त्याचे चुंबकत्व बदलते, हे १८६५ साली इटलीतील व्हिलारी याने दाखविले.

असे का व्हावे? लोखंडाचा प्रत्येक अणू जणू एक चिमुकला चुंबक असतो. एक कलला की शेजारचा कलतो, आणि जोंधळ्याच्या शेतावरून वाऱ्याची लहर सरकावी तशी लाट पुढे जाते. फेलिक्स ब्लॉखने १९३० साली या लाटांचे गणित मांडले. ध्वनीची लाट निराळी. तीत अणू जागच्या जागी मागेपुढे हलतात. परंतु अणूंमधील अंतर बदलले की त्यांच्या चुंबकांची एकमेकांवरील पकडही बदलते. दोन्ही लाटांची कंपनसंख्या व लांबी जुळली तर काय होईल, हे चार्ल्स किटेलने १९५८ साली गणिताने दाखविले. एकाच ताणलेल्या दोरीला दोन सारखे लंबक टांगून त्यांपैकी एकच हलवावा. थोड्या वेळाने तो थांबतो आणि दुसरा झुलू लागतो. स्फटिकातही तसेच होते : ध्वनी ओसरतो तेथे चुंबकीय लाट उठते, व ती ओसरू लागताच पुन्हा ध्वनी उमटतो.